मदत हवी आहे: उजवा खांदा गेला, डाव्या हाताने स्पिन शिकतोय

उजव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन 8 महिने झाले, फिजिओ म्हणतो रोजची कामं कर पण त्या हाताने बॉलिंग विसर. म्हणून 3 महिने डाव्या हाताने फिंगर स्पिन टाकतोय (फास्टची हौस नाही). आधी जागेवर उभं राहून भिंतीवर, मग 15 यार्डांवरून, तिथे दहातले सहा-सात बरे पडतात. पण पूर्ण 22 यार्ड आणि चार पावलांचा रनअप घेतला की पाय जुन्या सवयीने डावाच पुढे पडतो आणि बॉल एकतर फुलटॉस नाहीतर वाईड. व्हिडिओ काढून बघितला, कोपर वाकत नाहीये, म्हणजे थ्रोचा प्रश्न नाही. खरी गोची पुढच्या (बॉल न टाकणाऱ्या) हाताची आहे. उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही, त्यामुळे सोडताना डोकं उजवीकडे कलतं. श्रीलंकेचा कमिंदू मेंडिस दोन्ही हातांनी टाकतो त्याचे व्हिडिओ पाहून झाले, पण त्याला दोन्ही हात वर नेता येतात हो!

पुढचा हात छातीपाशीच ठेवून कोणी टाकतं का, बॅलन्स राहतो का? आणि आधी पाय बसवू की हात?