मॅनिफोल्ड प्रेशर आरपीएमच्या वर नको: हा नियम अजून शिकवायचा का?

उजवी_सीट
कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलरवर (पात्यांचा कोन आपोआप बदलून ठरवलेला आरपीएम राखणारा) येणाऱ्या वैमानिक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतात: २३०० आरपीएम असेल तर मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) २३ इंचांच्या वर न्यायचं नाही, नाहीतर इंजिन गेलं. ही आकड्यांची गंमत आहे. पाऱ्याचे इंच आणि मिनिटाचे फेरे शेकड्यांत मोजले की एकाच पट्ट्यात पडतात, इतकंच. तेच २५ इंच हेक्टोपास्कलमध्ये मोजा, ८४७ येतात. आता कशाशी जुळवणार? आणि सेसना १८२टी समुद्रसपाटीवरून उडताना पूर्ण थ्रॉटलला २८-२९ इंच दाखवतं, आरपीएमची लाल रेघ २४००. दर टेकऑफला नियम मोडतोच की!

जुना_मॅग्नेटो
टेकऑफला मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) असतं, म्हणून चालतं. क्रूझमध्ये (सरळ-सपाट उड्डाणात) लीन (पेट्रोल कमी) करून १९०० आरपीएमवर २६ इंच ठेवा, मग बोलू. फेरे कमी झाले की मिश्रण दाबाखाली जास्त वेळ राहतं. त्यात सिलिंडर हेड तापलेलं असलं की डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अचानक स्फोट. गाडीतलं नॉकिंग कानाला कळतं, विमानात हेडसेटखाली काही कळत नाही. नियम ओबडधोबड आहे, पण चुकलं तरी सुरक्षित बाजूला चुकतं.

उजवी_सीट
हद्द आहेच, पण ती हँडबुकच्या क्रूझ तक्त्यात छापलेली असते. तक्त्यात जोडी असेल तर ती चालते, मग इंच वर असोत की खाली.

पाना_नं_१०
'सुरक्षित बाजू' फुकट नसते. तेवढीच पॉवर जास्त आरपीएमवर काढली की घर्षणात जास्त जाते, पेट्रोल वाढतं, केबिनमध्ये आवाजही.
खरी चूक क्रमात होते. पॉवर घटवताना प्रोपचा (प्रोपेलरचा) लिव्हर आधी ओढला की आरपीएम पडतो आणि इंच आपोआप चढतात. म्हणून आधी थ्रॉटल, मग प्रोप. वाढवताना उलट: मिक्श्चर, प्रोप, शेवटी थ्रॉटल.
दुसरी खोड म्हणजे चाकं उचलताच 'इंजिनवर दया' म्हणून थ्रॉटल दोन इंच मागे. बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये जादा पेट्रोल फक्त पूर्ण थ्रॉटललाच मिळतं. ते बंद झालं की ऐन चढाईत हेडचं तापमान वाढतं. कसली दया!

जुना_मॅग्नेटो
क्रमाचं मान्य. पण तक्ता काट्यांवर विसंबतो, आणि जुना यांत्रिक टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) कमी दाखवू शकतो. आधी ऑप्टिकल टॅकोने (प्रकाशावर फेरे मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, मग १९००च्या गोष्टी करा.