जुन्या इनिट स्क्रिप्ट आटोपशीर करताना सुसंगतता कशी राखावी?

प्रश्न (महापे, नवी मुंबई)
आमच्या कार्यालयातील डेबियनच्या (लिनक्सच्या एका प्रकारच्या) नव्या सर्व्हरवर सेवा सुरू करून सांभाळणारी सिस्टिमडी आहे, तर जुन्या सर्व्हरवर हेच काम शेल स्क्रिप्टने करणारी जुनी सिसव्ही इनिट प्रणालीच अजून चालते. प्रत्येक सेवेच्या स्क्रिप्टमध्ये स्टार्ट, स्टॉप आणि स्टेटसचा तोच तो शेल कोड थोड्याफार फरकाने उतरवलेला आहे. दोन्हीकडे चालतील अशा छोट्या स्क्रिप्ट लिहिण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)
डेबियनमध्ये ‘इनिट-डी-स्क्रिप्ट’ ही तयार चौकट आहे. तिच्या आधारे लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये एलएसबी हेडर (लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकानुसार सुरुवातीला दिलेली सेवेची माहिती), सेवेचे नाव, प्रोग्रामचा मार्ग आणि पीआयडी फाइल (चालू प्रक्रियेचा क्रमांक ठेवणारी फाइल) एवढेच सांगावे लागते. सुरू होण्यापूर्वी ‘रन’ डिरेक्टरीखाली एखादी डिरेक्टरी तयार करण्यासारखे वेगळे काम असेल, तर तेवढेच फंक्शन आपण लिहावे. हेडर मात्र गाळू नये, कारण सेवांचा क्रम त्यावरूनच ठरतो.

उत्तर (ऐरोली)
वरील सूचना योग्य आहे. परंतु तीच स्क्रिप्ट सिस्टिमडीवर चालवत राहू नये. सिसव्ही स्क्रिप्टचा आधार सिस्टिमडीच्या २०२३ मधील २५४ व्या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवला गेला आहे. त्याच नावाची युनिट फाइल (सिस्टिमडीसाठी सेवेचे वर्णन करणारी फाइल) लिहिली की सिस्टिमडी स्क्रिप्टकडे पाहत नाही आणि दोन्ही फाइली एकाच पॅकेजमध्ये निर्धास्तपणे ठेवता येतात.

खरी काळजी सामायिक सेटिंग्जची घ्यावी लागते. सेवांची सेटिंग्ज ठेवणाऱ्या ‘डीफॉल्ट’ डिरेक्टरीतील फाइल जुनी स्क्रिप्ट शेल म्हणून वाचते, तर सिस्टिमडी तिच्यातून केवळ नाव आणि किंमत उचलते. त्यामुळे तिच्यात एखादी आज्ञा किंवा दुसऱ्या चलाचा उल्लेख असेल, तर एका सर्व्हरवर सुरळीत चालणारी सेवा दुसऱ्यावर भलत्याच किमतीने सुरू होते. त्या फाइलमध्ये साध्या किमतीच असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ता
आमच्या सेवा स्वतःहून पार्श्वभूमीत जात नाहीत. मग सेवा सुरू-बंद करणाऱ्या ‘स्टार्ट-स्टॉप-डीमन’ या आज्ञेचा बॅकग्राउंड पर्याय वापरावा का?

उत्तर (ऐरोली)
वापरता येतो, पण त्याला मर्यादा आहे. सेवा सुरू होताच कोलमडली तरी ती आज्ञा यश कळवून मोकळी होते. म्हणून स्टार्टनंतर स्टेटस तपासावे: सेवा चालू असल्यास ०, बंद असल्यास ३ आणि प्रक्रिया मरून पीआयडी फाइल मागे राहिली असल्यास १, हे एलएसबीचे संकेत पाळावेत. चाचणी ‘सर्व्हिस’ आज्ञेनेच घ्यावी. ती आपल्या शेलमधील बहुतेक चले काढून टाकते, त्यामुळे हाताने चालवताना न दिसणारा दोष तेथेच उघड होतो.