मदत हवी आहे : मुंबईच्या भाषा ऐकवणारी एका दिवसाची फेरी

नमस्कार मंडळी. मी नववीच्या वर्गाला भाषा शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा-वीस मुलांना मुंबईत एक दिवस फिरवायचंय, पण वास्तू बघायला नाही, नुसतं ऐकायला. लोकलमधल्या घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होतात, म्हणजे प्रवासातच सुरुवात होईल.

माटुंग्याचं नक्की आहे. किंग्ज सर्कलच्या फुलबाजारात आणि देवळांजवळ तमिळ सहज कानावर पडते. शिवाय त्याच भागात कच्छी आणि गुजराती घरंही भरपूर. तिथून मस्जिद बंदर, मग भेंडीबाजार. तिथली उर्दू मुलांना समजेल, पण बोहरी लोकांची लिसानुद्दावत, म्हणजे गुजरातीच्या पायावरची, अरबी लिपीत लिहिली जाणारी भाषा, कुठे ऐकायला मिळेल?

तेलुगूचं कोडं सुटत नाहीये. वरळी-प्रभादेवीकडे पद्मशाली या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाची जुनी वस्ती आहे, गिरण्यांच्या काळातली. रविवारी सकाळी नेमकं कुठे जावं? वसईची सामवेदी बोली आणि कोळीवाड्यातली बोलीही हवी आहे, पण एका दिवसात वसई म्हणजे मुलांचे हाल, खरं तर माझेही. ती वेगळ्या दिवशी ठेवू का?

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. तमिळ, तेलुगू किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेतलं कोणी इथे आहे का? मधल्या सुट्टीत तासभर मुलांना एकमेकांशी बोलू देता आलं तर फार बरं होईल. परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळते की वॉर्डाच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करावा लागतो?

आणि हो, मासळीबाजारात रेकॉर्डिंग केलं तर मावशी रागावतील का?