राणी केतेवानचे अवशेष: ‘सिद्ध झाले’ लिहू की ‘बहुधा’?

नमस्कार मंडळी,

डीएनएचा किंवा पुरातत्त्वाचा अभ्यास असलेल्या जाणकारांची मदत हवी आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. डिसेंबरात नववीच्या मुलांना जुन्या गोव्याला नेणार आहोत. त्यासाठी मी केलेल्या भित्तिपत्रकात ‘सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये सापडलेले हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचे असल्याचे डीएनएने सिद्ध झाले’ असे वाक्य होते. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी ‘सिद्ध’खाली लाल रेघ ओढली. त्यांचे म्हणणे मला पटते आहे, तरी वाक्य कसे सुधारावे ते सुचत नाही.

मला माहीत आहे ते असे. इराणच्या शाह अब्बासने केतेवानला शिराझमध्ये कैदेत ठेवले आणि धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये हाल हाल करून मारले. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. त्यातले काही जॉर्जियात तिच्या मुलाकडे गेले, काही १६२७ मध्ये गोव्यात आले. तिथल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या मठात, सभागृहाला जोडलेल्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात), दुसऱ्या खिडकीपाशी ते पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. पुढे १८३५ मध्ये मठ बंद पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि ती खिडकी नेमकी कुठली हेच कळेनासे झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उकरत उकरत जागा निश्चित केली आणि २००४ मध्ये हाड हाती लागले.

त्याची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत झाली. हाड स्त्रीचे निघाले. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा गट यू१बी. भारतातल्या सुमारे २२ हजार नमुन्यांत हा गट सापडला नाही, पण जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत सापडला. त्याच चर्चमधल्या दुसऱ्या दोन हाडांचे गट मात्र भारतात नेहमी आढळणारे होते. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरचा डीएनए मिसळला असता तर तिन्ही हाडांत तोच गोंधळ दिसायला हवा होता. बरोबर ना?

शिवाय मठ पुरुषांचा. नोंदलेल्या जागेजवळ स्त्रीचे हाड, तेही भारतात न आढळणाऱ्या मातृवंशाचे, हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार नाही. तरीही २०१४ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘बहुधा’ अशाच अर्थाचा शब्द आहे. २०२१ मध्ये भारताने अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला, तेव्हाच्या बातम्यांत तो शब्द कुठेच दिसला नव्हता.

आता प्रश्न:

यू१बी जॉर्जियाच्या आसपासच्या प्रदेशातही आढळतो. मग हे हाड त्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या स्त्रीचे असण्याची शक्यता आकड्यात मांडता येते का?

केतेवानच्या मातृवंशातले कोणी आज माहीत नसेल, तर केंद्रकीय डीएनएचा (पेशीच्या केंद्रकातला, आईवडील दोघांकडून येणारा) काही उपयोग होईल का? तिच्या वडिलांकडच्या बाग्रातियोनी घराण्याच्या वंशजांशी तुलना करायला चारशे वर्षांचे अंतर फार होते का?

कार्बन-१४ ने (हाडाचा काळ ठरवण्याची पद्धत) सतरावे शतक नेमके पकडता येते, की त्या काळासाठी तारखांचा पट्टा फारच रुंद येतो?

आणि मुलांसाठी एक वाक्य हवे आहे. ‘कागदपत्रे, जागा आणि डीएनए तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात’ एवढे लिहिले तर शास्त्राला धरून होईल का? भित्तिपत्रक शुक्रवारी लावायचे आहे.