आरओचं पाणी आणि खुर्चीतली नळी

दंतवैद्याच्या खुर्चीला जोडलेल्या बाटलीत आरओचं पाणी भरलं की काम झालं, जंतूंची चिंता नको, असं काहींना वाटतं. तसं नाही हो. खरी गोम खुर्चीच्या आतल्या बारीक नळ्यांत आहे. रात्रभर पाणी तुंबतं, आतून जंतूंचा बुळबुळीत थर (जैवथर) धरतो आणि पाणी कितीही शुद्ध भरलं तरी त्यातून जंतू सुटतच राहतात. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाई लिजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जंतूच्या न्यूमोनियाने गेल्या. तोच जंतू त्यांच्या दंतवैद्याकडच्या नळीत सापडला. घरच्या नळाला नव्हता! अमेरिकेत खुर्चीतल्या या पाण्याला मर्यादा मिलीलिटरमागे ५०० जंतूंची आहे. दोन पेशंटांमध्ये २०-३० सेकंद पाणी सोडणं ठीक, पण थर त्याने निघत नाही. त्याला नळ्यांत जंतुनाशक औषधच लागतं, आणि अधूनमधून पाण्याची तपासणी.