पिवळ्या ठिपक्यांची ‘पाल’: मराठीत काय म्हणायचं हिला?

प्रश्न (मूळ कोल्हापूर, सध्या फ्रायबुर्ग, जर्मनी):
इथल्या ब्लॅक फॉरेस्ट जंगलात पाऊस उघडला नि वाटेवर हा प्राणी. वीतभर लांब, काळाकुळकुळीत, वर पिवळेधमक ठिपके, चाल एकदम निवांत. फोटो घरी धाडला तर आई म्हणाली, “पाल हाय, लांब ऱ्हा.” मामाच्या मते घोरपडीचं पिल्लू. नेमका शब्द सांगा.

मंगळवार पेठ:
फोटो मोठा करून बोटं मोज भावा. पुढच्या पायाला 4, मागच्याला 5, आणि नखं नाहीतच. पालीला चारी पायांना पाच-पाच बोटं, अंगावर खवले. घोरपडीची नखं तर लांबूनही दिसतात. ह्याची कातडी बघ, उघडी नि ओलसर. हा बेडकाच्या भावकीतला, उभयचर. फायर सॅलॅमँडर.

गारगोटी:
मग ‘अग्निसरडा’ म्हणूया की!

मंगळवार पेठ:
नको. सरडा सरपटणाऱ्यांतला, म्हणजे पुन्हा तोच घोळ. आणि आगीशी ह्याचा संबंध एवढाच, की हा ओल्या ओंडक्यात दडून बसायचा, ओंडका चुलीत गेला की बाहेर पळायचा. लोकांना वाटलं, जाळातनंच जन्मला. आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीतच, त्यामुळे बोलीत शब्द कुठून येणार? भारतातले त्याचे नातलग दार्जिलिंग-सिक्कीमकडं. ‘सॅलॅमँडर’च म्हणावं, लाजायचं कारण नाही.

आजरा:
जो प्राणी आपल्याकडं आहे त्याला मात्र झकास शब्द आहे: देवगांडूळ. बिनपायाचा उभयचर, आंबोलीच्या बाजूला ओल्या मातीत सापडतो. गांडुळासारखाच दिसतो, पण त्याला जबडा नि दात असतात. साप समजून बिचाऱ्याला ठेचतात, हे वाईट.

प्रश्नकर्ता:
हातात घेतला तर चालतंय का?

मंगळवार पेठ:
अजिबात नको. डोळ्यांमागं फुगीर ग्रंथी आहेत, त्यातनं विष येतं. हात डोळ्याला लागला तर झोंबेल. त्याहून मोठी भीती त्यालाच आहे. सॅलॅमँडरची कातडी पोखरणारी एक बुरशी 2013 साली नोंदली गेली. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिनं जवळजवळ संपवले, जर्मनीतही ती पोचली आहे. बुटाच्या चिखलातनंही ती पसरू शकते, तेव्हा दुसऱ्या जंगलात जाण्याआधी बूट धुऊन, निर्जंतुक करून वाळव. फोटो घेताना वरनं, पाठ अख्खी दिसेल असा घे. ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, तोच पुन्हा भेटला तर ओळखता येईल.