विषय: बेसाचं घर, 'एक्स्ट्रा'चं बिल आणि दिवाळ्यात गेलेली कंपनी

प्रेषक: बेसावाला

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या नागपूरकरांच्या यादीवर, गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये मध्येच ही मेल टाकतोय. नागपूरला बेसा रोडवर बाबांच्या प्लॉटवर आम्ही घर बांधतो आहोत, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दोन मजले मिळून २,२०० चौरस फूट, मटेरियलसह १,९५० रुपये फुटाने करार. काही फरशी आणि रंग बाकी असताना काम थांबलं. ठेकेदार कंपनीवर बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तो दाखल करून घेतला म्हणे.

आता मुंबईहून रिझोल्यूशन प्रोफेशनलचं, म्हणजे दिवाळखोर कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाचं पत्र आलंय. कंपनीच्या वह्यांनुसार 'जादा कामाचे' ९,४०,००० रुपये आमच्याकडून येणे, १५ दिवसांत भरा. तपशील असा: काळी माती काढून मुरूम भरणे ३,१०,०००, पोर्च वाढवणे १,४५,०००, देवघराची भिंत पाडून पुन्हा बांधणे ८५,०००, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग दुसऱ्यांदा १,२०,०००, सळईची भाववाढ २,८०,०००. यातल्या एकाही कामाला आमची लेखी मंजुरी नाही. उलट फरशी-रंगासाठी दिलेले ४ लाख आगाऊ त्यांच्याकडेच अडकलेत. आईला धास्ती की घरावर जप्ती येईल. त्यात फरशीवाला मिस्त्री दर रविवारी बाबांकडे येऊन बसतो, कंपनीने त्याचेही बुडवलेत.

कोणाला अनुभव आहे का?

प्रेषक: धंतोलीवाला

एक पैसा देऊ नको भाऊ. कंपनी बुडाली, विषय संपला. पत्राला उत्तरही देऊ नको, उत्तर दिलं की सापडलास.

प्रेषक: वकील ताई

धंतोलीवाले, तुमचा सल्ला ऐकून लोक कोर्टात सापडतात, म्हणून लगेच लिहिते.

सगळ्यात आधी ठेकेदाराचं लेटरहेड काढून पाहा. खाली २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर असेल तर ती कंपनी, आणि तिला २०१६ चा दिवाळखोरी कायदा लागतो. तो खटला मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) चालतो, नागपुरात तिचं पीठ नाही. नुसता प्रोप्रायटर असता तर गोष्ट वेगळी होती. साध्या व्यक्तीला आणि प्रोप्रायटरला २०१६ च्या कायद्याचा तो भाग अजून लागू केलेलाच नाही, त्यामुळे नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. त्यात ५०० रुपयांच्या कर्जावरही अर्ज होऊ शकतो. आकडा आजही कायद्यात तसाच बसलाय!

कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणून तिचं लोकांकडचं येणं मरत नाही. उलट ते गोळा करणं हेच रिझोल्यूशन प्रोफेशनलचं काम. स्थगिती लागते ती कंपनीविरुद्धच्या दाव्यांना. २०१६ च्या कायद्यातल्या कलम १४ ची ही ढाल एकाच बाजूला आहे: तुम्ही कंपनीवर नवा दावा लावू शकत नाही, ग्राहक आयोगातही नाही, पण कंपनी तुमच्यावर लावू शकते. तरी पत्रात आकडा लिहिला म्हणून तो सिद्ध होत नाही. तुम्ही वाद घातलात तर त्यांना साधारणपणे दिवाणी न्यायालयात, नाहीतर करारात लवाद असेल तर तिथे जाऊन एकेक आयटम सिद्ध करावा लागतो. म्हणूनच उत्तर द्यायचं, आणि आयटमवार द्यायचं. गप्प बसलात तर पुढे म्हणतील, तेव्हा तर हरकत नव्हती.

जप्तीचं आईंना सांगा की घाबरू नका. इथे अमेरिकेत ठेकेदार घरावर लिएन टाकतो, ती गोष्ट मनातून काढा. आपल्याकडे बिल थकलं म्हणून ठेकेदाराचा घरावर आपोआप बोजा चढत नाही. आधी दावा, मग हुकूमनामा, मग पुढचं.

आता 'लेखी मंजुरी नाही' हे तुमचं हुकमी पान. ते वाटतं तेवढं मोठं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० असं की कोणी फुकटात करायचा हेतू न ठेवता तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. १९६२ चा बी. के. मोंडल यांचा निकाल याच मुद्द्यावर प्रसिद्ध आहे. पश्चिम बंगाल सरकारने रीतसर करार नसताना बांधकाम करून घेतलं, वापरलं, आणि पैसे द्यावे लागले. मात्र तुमच्या करारातच जादा कामाचं कलम असेल तर आधी ते बोलतं, कलम ७० ला फारशी जागा उरत नाही. तेव्हा करार नीट वाचा. आणि व्हॉट्सॲप काढा. कोणी 'पोर्च दोन फूट पुढे घ्या' असं लिहिलं असेल तर ती मंजुरीच समजली जाईल.

प्रेषक: महालचे काका

अरे बाबू, कायदा ताईने सांगितला, मी माती सांगतो. सार्वजनिक बांधकाम विभागात जन्म गेला माझा.

काळी माती काढणं खरंच लागतं. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, दोन वर्षांत भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग. तेव्हा ते काम फुकट होतं म्हणू नको, पण मोजल्याशिवाय मान्यही करू नको. तुझ्या तळमजल्याचा प्लिंथ ११०० चौरस फूट. दोन फूट जादा खोदलं धरलं तर २,२०० घनफूट, म्हणजे २२ ब्रास. टिपरमधला मुरूम सैल असतो, पाणी मारून धुमस केल्यावर दबतो. म्हणून तिसरा हिस्सा वाढवून दिला तरी ३० च्या आत बसतं. त्यांच्या बिलात किती ब्रास आहे ते सांग. आणि टिपरच्या चलानांच्या प्रती माग. मेजरमेंट बुकात (एमबीत) नोंद कोणी केली, तुझ्या बाबांची सही आहे का, हे पाहा. सही नसलेलं एमबी म्हणजे ठेकेदाराची डायरी.

बाकीचं सरळ आहे. वॉटरप्रूफिंग पहिल्यांदा गळलं म्हणून दुसऱ्यांदा केलं, ती त्याचीच चूक, त्याचे पैसे तुझ्याकडून काहून? सळईची भाववाढ तर मटेरियलसह फुटाच्या दरात बसलीच. करारात भाववाढीचं कलम नसेल तर सळई महागली काय आणि स्वस्त झाली काय, तोच दर. देवघराचं तुम्ही घरात मिटवा, ते कोणी सांगितलं मला माहीत आहे.

एक काम तातडीचं. दुसरा ठेकेदार कामाला लावण्याआधी घराची मोजणी आणि फोटो करून घे, तारखेसकट. फरशी पडली की खालचं काही दिसत नाही.

प्रेषक: प्रतापनगरची वहिनी

काका, ताई, सगळं पटलं. पण त्या मिस्त्रीचं कोणीच बोललं नाही. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात, बिनपंख्याच्या घरात त्या माणसाने सगळे स्कर्टिंग घासले. कंपनीने त्याला बुडवलं, त्यात त्याचा काय दोष? बेसावाल्यांनी त्याचं तेवढं देऊन टाकावं आणि ९ लाख ४० मधून वजा धरावं, असं मला वाटतं.

प्रेषक: बेसावाला

काका, बिलात ४१ ब्रास लिहिलंय. बाबांची सही नाही.

ताई, करारात कलम सापडलं: 'मालकाच्या लेखी संमतीशिवाय जादा काम करू नये व केल्यास देय नाही.' पण आईने सुपरवायझरला देवघराच्या भिंतीचा फोटो आणि 'ही पूर्वेला घ्या' असा मेसेज पाठवलाय, पोर्चबद्दल माझाही एक मेसेज आहे. आणि लेटरहेडवर सीआयएन आहे.

प्रेषक: वकील ताई

मग चित्र साफ आहे. पोर्च आणि देवघर हे तुमच्याच सांगण्यावरून झालं. ते मान्य करून रास्त दर मागा, त्यांनी लावलेला दर नव्हे. मुरमाचा काकांच्या मोजणीप्रमाणे पर्यायी आकडा द्या, पण 'संमती नव्हती ही हरकत राखून' असं लिहून. वॉटरप्रूफिंग आणि सळई साफ नाकारा. मेसेज मोबाईलमध्ये जसेच्या तसे ठेवा. कोर्टात २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

तुमच्या ४ लाखांसाठी वेगळा दावा भरायचा, कोर्टात नव्हे, रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, फॉर्म बी. सेवेसाठी दिलेली आगाऊ रक्कमही 'ऑपरेशनल' (धंद्याच्या व्यवहारातलं) देणं ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. जाहीर सूचनेतली तारीख टळली असेल तरी दिवाळखोरी सुरू झाल्यापासून निदान ९० दिवसांपर्यंत दावा घेतात. 'आमचे ४ लाख आमच्या देण्यातून वळते केले' असं आपणच ठरवून टाकू नका. २०२४ च्या भारती एअरटेलच्या निकालाने या टप्प्यावर वळतं करायला सरसकट बंदी आहे. फक्त दोन सवलती: करारात आधीपासून तशी तरतूद असेल तर, किंवा दोन्ही रकमा एकाच व्यवहारात गुंतलेल्या असतील तर. तुमच्या दोन्ही रकमा एकाच घराच्या एकाच करारातल्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा उत्तरात ठळक मांडा आणि फॉर्मही भरा. दोन्ही.

वहिनी, मिस्त्रीला वजा धरून देऊ नका म्हणेन. त्याचा करार कंपनीशी होता, तुमच्याशी नाही. त्याला दिलेल्या पैशांनी तुमचं कंपनीचं देणं फिटत नाही, दोनदा द्यावं लागेल. त्याने स्वतःचा दावा भरावा. मजूर म्हणून कामाला होता की पोटठेका घेतला होता, यावर फॉर्म बदलतो आणि वाटपातली रांगही. मजुराचे शेवटच्या २४ महिन्यांचे पैसे तारण घेतलेल्या बँकेच्या बरोबरीने बसतात. पोटठेकेदार मात्र बराच खाली, त्याच्या हाती फार काही लागेल असं मला वाटत नाही. बेसावाल्यांना त्याचं वाईट वाटत असेल तर उरलेली फरशी त्याच्याकडूनच, नव्या चिठ्ठीवर, चांगल्या दराने करून घ्या. फॉर्म भरायला बाबांनी त्याच्यासोबत बसलं तर फारच छान.

करारनामा यादीवर टाकू नका, त्यात सगळ्यांचे आधार नंबर असतील. मला वेगळा पाठवा. पत्र येऊन किती दिवस झाले, तेवढंही कळवा.

प्रेषक: धंतोलीवाला

ताई, माझ्या मेव्हण्याचा ठेकेदार प्रोप्रायटर आहे आणि त्याचाही फोन लागून नाही राहिला. वेगळ्या मेलने विचारतो.